शेजारची मोकळी जागा

परक्या संस्कृतीच्या एखाद्या वास्तूसमोर उभे राहिलो की आपण पहिला प्रश्न विचारतो तो वयाचा. हे देऊळ किती जुने? वाटाड्या आकडा सांगतो, आणि त्या आकड्याच्या प्रमाणात आपले कौतुक वाढते किंवा उणावते. आपल्या मराठी प्रवासवर्णनांत तर शतकांची ही मोजदादच पुष्कळदा आस्वादाची जागा अडवून बसलेली दिसते. हजार वर्षांची भिंत पाहिली म्हणजे हजार वर्षांची संस्कृती कळली, असा काहीसा हा हिशेब आहे. जपानातील इसे येथील देवस्थानापाशी मात्र हा हिशेब चालत नाही.

इसेचे मुख्य मंदिर किती जुने, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पहिले उत्तर असे की, आज तेथे जी इमारत उभी आहे तिच्यात देवतेची स्थापना २०१३ सालच्या ऑक्टोबरात झाली. दुसरे उत्तर असे की, ही इमारत सम्राज्ञी जितोच्या कारकिर्दीत, इ. स. ६९० साली, प्रथम नव्याने बांधली गेली असे परंपरा सांगते. दर वीस वर्षांनी ती पुन्हा बांधायची असा तेथला नेम आहे. २०१३ ची ही बासष्टावी खेप. त्रेसष्टावी २०३३ साली व्हायची आहे, आणि तिचे विधी २०२५ मध्ये सुरूही झाले आहेत.

या नेमाचे कौतुक जगभर पुष्कळ झालेले आहे. परंतु ते वाचताना मला वारंवार असे वाटत आले आहे की, कौतुक करणाऱ्यांनी इसेपेक्षा स्वतःलाच अधिक पाहिले आहे. एवढ्यावर ते थांबले असते तर तक्रार करण्याचे कारण नव्हते. पण अलीकडे इसेचा दाखला आपल्याकडे भलत्याच कामासाठी वापरला जाऊ लागला आहे, म्हणून हा लेख.

प्रथम ती वास्तू कशी आहे ते पाहू. इसेला दोन प्रमुख मंदिरे आहेत. आतले मंदिर, नाइकू, हे सूर्यदेवता आमातेरासूचे. बाहेरचे, गेकू, हे अन्नाची देवता तोयोउके हिचे. दोन्हींचा घाट धान्याच्या कोठारावरून आलेला आहे. जमिनीपासून उंच उचललेली लाकडी खोली, भोवती सज्जा, वर गवताचे जाड छप्पर. आढ्यावर आडवे ओंडके ओळीने मांडलेले. नाइकूला दहा, गेकूला नऊ. छपराच्या दोन्ही टोकांना लाकडाचे दोन हात एकमेकांना छेदून आकाशात गेलेले. भिंतींपासून सुटा असा एकेक खांब दोन्ही बाजूंस उभा, आणि तो थेट आढ्याला भिडलेला. लाकूड हिनोकीचे, म्हणजे सरूच्या कुळातल्या एका सुगंधी वृक्षाचे. त्यावर रंग नाही, रोगण नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी की, हे खांब दगडी तळखड्यावर उभे नाहीत; ते सरळ मातीत रोवलेले आहेत. मातीतले लाकूड ओलीने कुजते, गवत पावसाने सडते. म्हणजे ही वास्तू टिकू नये अशाच रीतीने बांधलेली आहे. तळखडा घालण्याची विद्या जपानी सुताराला ठाऊक नव्हती असे नव्हे. बौद्ध मंदिरांबरोबर ती सहाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पोहोचली होती. इसेने ती जाणूनबुजून नाकारली. जुनाच घाट ठेवायचा म्हणजे त्याचे आयुष्यही आखूड ठेवायचे, आणि आयुष्य आखूड ठेवले म्हणजे पुन्हा बांधण्याचा भार पत्करायचा, हा करार तेथे आहे.

मंदिराला लागूनच तेवढीच एक मोकळी जागा असते. तिच्यावर पांढरे गोटे पसरलेले असतात आणि मधोमध एक अगदी लहान लाकडी खोपटे असते. गर्भगृहाच्या मध्यखांबाची जागा त्याने झाकलेली असते. नवे मंदिर या मोकळ्या जागेवर उठते. ते पुरे होईपर्यंत जुने शेजारीच उभे असते. मग एका रात्री, दिवे मालवून, पांढऱ्या रेशमी पडद्याच्या आडोशाने देवता जुन्यातून नव्यात नेली जाते. त्यानंतरही काही महिने दोन्ही वास्तू शेजारी शेजारी उभ्या राहतात. एक सोन्यासारखी पिवळी, दुसरी पावसाने काळवंडलेली. मग जुने उतरवले जाते आणि ती जागा मोकळी होऊन पुढची वीस वर्षे वाट पाहते.

इसेचे सारे मर्म या मोकळ्या जागेत आहे असे मला वाटते. जुने पाडून नवे बांधणे आणि जुने उभे असताना त्याच्या शेजारी नवे बांधणे, या दोन क्रिया दिसायला सारख्या, पण जातीने भिन्न आहेत. दुसरीत नव्या सुताराला जुन्या सुताराचे काम हाताने चाचपून पाहता येते. सांधा कुठे ढिला पडला, कोणत्या अंगाला आधी कूज लागली, हे त्याला कळते. वीस वर्षांचा हा कालावधी का, याची अनेक कारणे सांगतात. त्यांतले मला सर्वांत पटणारे असे: एका माणसाला आपल्या आयुष्यात हे काम दोनतीनदा मिळते. पहिल्यांदा तो उमेदवार असतो, दुसऱ्यांदा कसबी कारागीर आणि तिसऱ्यांदा, आयुष्य लाभले तर, शिकवणारा. वास्तू वीस वर्षांची असते. तिच्यातले शिक्षण मात्र न तुटणारे असते.

आता कौतुक करणाऱ्यांकडे वळू. जर्मन वास्तुशास्त्रज्ञ ब्रूनो टाउट १९३३ साली जपानात आला आणि १९३६ पर्यंत तेथे राहिला. त्याने इसेला पार्थेनॉनच्या पंक्तीला बसवले, आणि निक्कोच्या सतराव्या शतकातील सोनेरी, कोरीव, रंगीबेरंगी समाधिमंदिराला अभिरुचिहीन ठरवले. त्याच्या या निवाड्याचा प्रभाव मोठा आहे. अनलंकृत, सरळ, प्रामाणिक बांधणी हेच जपानचे खरे रूप, ही समजूत रुजवण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. पण टाउट ज्या युरोपातून आला तेथे अलंकाराविरुद्ध बंड चालू होते. नव्या वास्तुकलेला एक पूर्वज हवा होता, आणि तो त्याला इसेत सापडला. इसेच्या सज्जाच्या कठड्यावर पाच रंगांचे मणी आहेत, लाकडाच्या टोकांना मुलामा दिलेली धातूची टोपणे आहेत. ते त्या सिद्धान्तात कोठे बसवायचे?

दुसरे नाव केन्झो तांगे यांचे. तांगे हे हिरोशिमाच्या शांतिस्मारकाचे वास्तुशिल्पी. नोबोरू कावाझोए यांच्याबरोबर त्यांनी इसेवर केलेला ग्रंथ साठीच्या दशकात निघाला, आणि त्यातली योशिओ वातानाबे यांची कृष्णधवल छायाचित्रे जगभर गेली. तांगे यांना इसेत जपानी वास्तूचा मूळ नमुना दिसला. पराभवानंतर उभ्या राहणाऱ्या राष्ट्राला साम्राज्याहून जुने, युद्धाने न डागाळलेले असे एखादे मूळ हवे असणे स्वाभाविक होते. त्या गरजेबद्दल मला आदर आहे. पण गरज कितीही उदात्त असली तरी ती डोळ्यांवर चष्मा चढवतेच.

या दोघांनी केलेल्या स्तुतीच्या पोटात एक गंमत आहे. इसेचे मुख्य मंदिर कोणालाही नीट दिसत नाही. मी स्वतः उजी पूल ओलांडून, खडीवरून चालत, इसुझू नदीवर हात धुऊन वर गेलो तेव्हा पायऱ्यांच्या शेवटी एक पांढरा पडदा वाऱ्याने हलत होता. त्याच्यामागे कुंपणे, आणि कुंपणांवरून डोकावणारे छपराचे शेंडे. सामान्य यात्रेकरूची मजल तेथेच संपते. छायाचित्र काढण्याची परवानगी तर पायऱ्यांच्या पायथ्याशीच संपलेली असते. वातानाबे यांनी १९५३ साली, युद्धामुळे चार वर्षे लांबलेल्या एकोणसाठाव्या खेपेच्या वेळी, काढलेली चित्रे म्हणूनच अपूर्वाईची ठरली. म्हणजे आधुनिक जगाने ज्या वास्तूला डोळ्यांचा आनंद म्हणून डोक्यावर घेतले ती मुळात डोळ्यांसाठी बांधलेलीच नाही. ती देवतेला राहण्यासाठी आणि माणसाला पुन्हा बांधण्यासाठी आहे. पाहणे हा तिच्याशी असलेल्या नात्यातला सर्वांत दुबळा प्रकार आहे.

स्तुतीतला दुसरा दोष म्हणजे ‘तेराशे वर्षे अखंड आणि अविकृत’ हे पालुपद. ते खरे नाही. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांतील यादवीत हा नेम दोन्ही मंदिरांत सव्वाशे वर्षांच्या आसपास बंद पडला होता. इतक्या वर्षांत सुतारांच्या पिढ्या उलटून जातात. जे परत उभे राहिले ते लेखी नोंदींच्या, उरलेल्या अवशेषांच्या आणि आठवणींच्या आधाराने. ८०४ सालची विधींची तपशीलवार वही आजही आहे. आणि ते उभे राहिले कोणामुळे? केइकोइन या बौद्ध मठातील भिक्षुणींमुळे. सेइजुन नावाच्या भिक्षुणीने दारोदार फिरून वर्गणी गोळा केली आणि १५६३ साली गेकू उठले. तिच्या मागून आलेल्या भिक्षुणीच्या खटपटीने १५८५ साली नाइकूचाही नेम पुन्हा सुरू झाला. शुद्ध, आदिम, परकीय स्पर्श न झालेला जपान म्हणून ज्या जागेकडे बोट दाखवले जाते ती जागा परदेशातून आलेल्या धर्माच्या स्त्रियांनी जगवली, ही गोष्ट मला इसेच्या छपराइतकीच सुंदर वाटते. स्तुतिकारांनी मात्र ती क्वचितच सांगितली आहे.

शुद्धतेच्या कथेला एक काळी बाजूही आहे. मेइजी काळापासून १९४५ पर्यंत इसे हे राजसत्तेच्या धर्माचे शिखर होते, आणि त्या धर्माच्या नावाने तरुणांना रणांगणावर पाठवले गेले. १९४५ च्या डिसेंबरात सरकारी पाठबळ तुटले. तेव्हापासून हे काम देणग्यांवर चालते. १९४९ साली मंदिर बांधण्याचे बळ देशात नव्हते. पण निदान वाटेवरचा पूल तरी वेळेवर नवा व्हावा म्हणून तेथल्या लोकांनी तो बांधून काढला. तेव्हापासून पुलाची पाळी मंदिराच्या चार वर्षे आधी येते. शेवटची २००९ साली आली. उलट, २०१३ च्या स्थलांतराला देशाचे पंतप्रधान हजर राहिले, आणि असे १९२९ नंतर प्रथमच घडले. संस्कृतीचा आस्वाद घेणाऱ्याने या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. एकीवर भाळून दुसरीकडे डोळेझाक करणे म्हणजे अर्धाच देश पाहणे होय.

तिसरा दोष सर्वांत लोकप्रिय आहे. पाश्चात्य माणूस वस्तू जपतो आणि पौर्वात्य माणूस आशय जपतो, असे सूत्र इसेवरून काढले जाते. १९६४ च्या व्हेनिसच्या जाहीरनाम्यात मूळ द्रव्याला महत्त्व दिले गेले. तीस वर्षांनी, १९९४ साली, जपानातील नारा येथे परंपरा, तंत्र, वापर आणि भाव यांनाही अस्सलपणाच्या विचारात स्थान मिळाले. ही गोष्ट योग्यच झाली. पण त्यावरून ‘जपानी मन’ असे एकसंध काही कल्पिणे चूक आहे, कारण त्याच नारा परिसरात होर्यूजी आहे. तेथील सुवर्णमंदिर आणि पाचमजली पॅगोडा या जगातील सर्वांत जुन्या उभ्या लाकडी इमारती. त्यांचे खांब तळखड्यावर आहेत. कुजलेला भाग तेवढा कापून त्याला नव्या लाकडाचा जोड देत देत त्या हजारांहून अधिक वर्षे टिकवल्या गेल्या. एकाच देशाने, एकाच हिनोकीच्या लाकडात, टिकवण्याचे दोन परस्परविरुद्ध मार्ग शोधले आणि दोन्ही निष्ठेने चालवले.

होर्यूजीच्या कथेत आपलाही एक धागा आहे. तेथील भित्तिचित्रांतले बोधिसत्त्व पाहताना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवल्यावाचून राहत नाही. काम्पो आराई नावाच्या जपानी चित्रकाराने १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याला येऊन तेथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. तोच चित्रकार १९४० पासून होर्यूजीच्या भिंतींच्या प्रतिकृती करणाऱ्यांत होता. १९४५ साली तो वारला. २६ जानेवारी १९४९ रोजी, प्रतिकृतींचे काम चालू असतानाच, सुवर्णमंदिरात आग लागली आणि ती चित्रे करपून गेली. त्या आघातातून पुढच्याच वर्षी जपानचा सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. आमच्याकडे याच्या उलट घडले होते. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्यात वर्षानुवर्षे राबले. त्यांच्या कामाचा मोठा भाग १८८५ साली लंडनमधील आगीत गेला. तेथे मूळ जळाले आणि नकला राहिल्या. येथे नकला जळाल्या आणि मूळ राहिले. पण त्या विद्यार्थ्यांच्या हाताला जे वळण लागले ते आगीत गेले नाही. नक्कल करणे हीसुद्धा जपण्याची एक रीत आहे, आणि इसे हे तिचे सर्वांत मोठे उदाहरण आहे, एवढेच मला येथे दाखवायचे आहे.

आता आपल्या घराकडे येतो. भारतीय वाचकाला इसेची गोष्ट सांगितली की तो हसून म्हणतो, यात नवे काय? देह बदलतो, आत्मा तोच. पुरीच्या जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती अधिक आषाढाच्या वर्षी नव्या होतात. १९९६ साली झाल्या, २०१५ साली झाल्या. रात्रीच्या अंधारात जुन्या मूर्तीतले गूढ द्रव्य नव्या मूर्तीत ठेवले जाते. साम्य थक्क करणारे आहे खरे. परंतु साम्य सापडले की समजून घेण्याचे काम संपले असे मानण्याची आपल्याला फार घाई असते. पुरीत जुन्या मूर्तीला मृत्यू येतो. तिला पुरतात, सुतकही पाळतात. इसेत मृत्यूची भाषाच नाही. उतरवलेल्या मंदिराचे लाकूड इतर देवस्थानांना वाटले जाते, आणि आढे पेलणाऱ्या त्या खांबांच्या पुलापाशी कमानी होतात. पुरी शोकातून नव्याकडे जाते, इसे श्रमातून. आपल्या ‘देह आणि आत्मा’ या तयार साच्यात इसे ओतली, की हा फरक वितळून जातो.

आणि खरा धोका याच्या पुढे आहे. कोकणात गावोगावी जांभ्या दगडाची, कौलारू, लाकडी सभामंडपाची देवळे होती. खांबांवर कोरीव काम, तुळयांवर वेलबुट्टी, आणि ते करणारी सुतारांची घराणी. गेल्या काही दशकांत यांतली कितीतरी देवळे ‘जीर्णोद्धारा’त गेली. मुंबईहून वर्गणी येते, एका दिवसात मंडप उतरवला जातो, खांब जळणाला किंवा भंगारवाल्याला जातात, आणि तेथे सिमेंटचे शिखर, चकचकीत फरशी आणि तैलरंग येतो. कोणी हळहळले तर सुशिक्षित मंडळीच म्हणतात: अहो, जपानात तर दर वीस वर्षांनी पाडतात! हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की इसेची स्तुती वाचताना आता मला भीती वाटते.

त्या वाक्याला उत्तर एकच आहे: तुमची शेजारची मोकळी जागा कोठे आहे? इसेत नवे उठेपर्यंत जुने उभे असते, येथे जुने आधी पडते. तेथे पुढच्या खेपांसाठी झाडे लावलेली असतात. देवस्थानाच्या स्वतःच्या डोंगरावर १९२३ पासून दोनशे वर्षांच्या हिशेबाने हिनोकी वाढवला जात आहे, आणि त्यातले काही लाकूड २०१३ साली कामी आले. बाकीच्यासाठी अजून दुसऱ्या अरण्यांकडे हात पसरावा लागतो, तरी लावणी थांबलेली नाही. आपल्या मंडपाच्या सागाचा किंवा फणसाचा असा विचार कोणी केला आहे? मंदिराबरोबर तेथे देवतेची वस्त्रे, आरसे, तलवारी, खोगिरे अशा ७१४ प्रकारच्या १५७६ वस्तू नव्याने घडवतात. म्हणजे विणकर, लोहार, रोगणकार यांच्या विद्याही वीस वर्षांनी एकदा कामाला लागतात. आपण मंडप बदलतो तेव्हा सुतार बाहेर पडतो आणि ठेकेदार आत येतो. तेथे नव्याने विद्या जगते, येथे नव्याने विद्या मरते. जीर्णोद्धार हा शब्द मोठा सुंदर आहे, जीर्णाचा उद्धार! आपण जीर्णाला निकालात काढून उद्धार तेवढा ठेवला आहे.

याचा अर्थ कोकणातल्या प्रत्येक देवळाने इसे व्हावे असा नाही. होर्यूजी होणेही पुष्कळदा शहाणपणाचे. कुजलेला खांब तेवढा बदलावा, बाकीचे राहू द्यावे. कोणता मार्ग घ्यायचा ते लाकूड, पाऊस, पैसा आणि गावातला सुतार पाहून ठरवावे. पण जो घेऊ त्याच्या अटी पाळाव्यात. दुसऱ्या संस्कृतीचा दाखला देणे म्हणजे तिच्याकडून सवलत मागणे नव्हे. दाखला दिला की तिची शिस्तही अंगावर येते.

परक्या संस्कृतीचा आस्वाद म्हणजे काय, याचे उत्तर मला इसेच्याच एका प्रथेत मिळते. नवे मंदिर पुरे झाले की देवता आत जाण्यापूर्वी तेथल्या रहिवाशांना एक हक्क मिळतो. मियागावा नदीतला पांढरा गोटा पांढऱ्या कापडात धरून ते कुंपणांच्या आत जातात आणि मंदिराच्या अंगणात तो ठेवून येतात. टाउटसारख्या थोर रसिकालाही जो पडदा ओलांडता आला नाही तो एखादा भाजीवाला किंवा शाळकरी पोर वीस वर्षांतून एकदा ओलांडतो, कारण त्याच्या हातात दगड असतो. पाहणाऱ्याला शेंडे दिसतात, वाहणाऱ्याला मंदिर दिसते. आपण परक्यांना तो दगड वाहता येणार नाही हे खरे. पण त्याच्या ऐवजी थोडी मेहनत आपल्यालाही करता येते. सांधा कसा बसतो ते शिकावे, खंड कोठे पडला आणि तो कोणी सांधला ते विचारावे, साम्य दिसताच थांबू नये. एवढे केले तर त्या वास्तूचे वय विचारण्याची गरज राहत नाही. आणि मग आपल्या गावच्या मंडपाखाली उभे राहून वर पाहताना, ही तुळई घडवणारा हात आता कोठे आहे, हा प्रश्न आपोआप तोंडी येतो. तो प्रश्न मंडप उतरवण्याच्या आधी विचारला गेला, तर इसेची स्तुती वाया गेली असे मी म्हणणार नाही.